दोघांच्या नावावरचं घर, एकाच्या माघारी

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांची पत्रं या सदराकडे पूर्वीही यायची, पण ती बहुतेक भाडेकराराबद्दल असत. या वेळी आलेल्या चार पत्रांत चौघांना एकच काळजी आहे : आपल्यापैकी एक गेल्यावर दुसऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर राहील का? पहिलं पत्र जवळजवळ सगळं छापते आहे. त्यातले समज दस्त करायला येणाऱ्या बहुतेक जोडप्यांच्या तोंडून मी ऐकते.

प्रश्न : वकीलताई, माझं वय ५७. मी घटस्फोटित आहे. बरीच वर्षं मी ज्यांच्यासोबत राहते ते विधुर आहेत, वय ६३. लग्न करायचं नाही हे आमचं दोघांचं ठरलेलं आहे. काही वर्षांपूर्वी दोघांनी मिळून फ्लॅट घेतला. करारनाम्यावर आणि शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं आहेत. सोसायटीत ते माझे आणि मी त्यांची नॉमिनी आहे. मी मृत्युपत्राचा विषय काढला की ते म्हणतात, ‘‘अगं, दोघांची नावं आहेत, नॉमिनेशन आहे, आणखी काय हवं?’’ त्यांचा मुलगा स्वभावाने चांगला आहे. तरी मला रात्री झोप लागत नाही. माझी भीती उगाच आहे का?

उत्तर : ताई, भीती उगाच नाही. तुमचे साथीदार म्हणतात ते दोन्ही कागद कामाचे आहेत, पण तुम्हाला जे हवं आहे ते या दोन कागदांनी मिळत नाही.

आधी दोन नावांचं बघू. बँकेच्या जोडखात्यावरून लोकांचा समज होतो की दोघांपैकी एक गेला की राहील त्याचं सगळं. घराला हा नियम आपोआप लागत नाही. खरेदीच्या दस्तात ‘एकाच्या पश्चात संपूर्ण मिळकत दुसऱ्याची’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर आपल्याकडे दोन मालक म्हणजे दोन वेगळे हिस्से. त्यांचा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जाणार, तुमचा तुमच्या. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे आई, पत्नी, मुलगे, मुली. ही यादी पुढेही बरीच लांब आहे, भाऊ-बहीण, पुतणे, भाचे सगळे कुठे ना कुठे येतात. सोबत राहणारी व्यक्ती मात्र यादीत कुठेच नाही, मग ती वीस वर्षं राहिलेली का असेना. दीर्घ सहवासावरून न्यायालयं लग्न झालं असल्याचं गृहीत धरू शकतात हे खरं आहे, पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येतं. आणि ‘आम्ही लग्न करायचं नाही असं ठरवलंय’ हे तुम्ही स्वतःच सांगता आहात, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

म्हणजे उद्या ते गेले, मृत्युपत्र नसलं आणि त्यांची आई हयात नसली, तर तुमचा सहमालक त्यांचा मुलगा. त्याने तुम्हाला राहू दिलं तर प्रश्नच नाही. पण त्याला पैशांची गरज पडली तर तो वाटपाचा दावा लावू शकतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटचं वाटप होणार कसं? अशा वेळी १८९३ चा वाटप कायदा लागतो : अर्धा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेला मालक घर विकून पैसे वाटून द्या अशी मागणी करू शकतो. तुम्हाला त्याचा हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला विकत घेण्याची मुभा आहे, पण साठीच्या पुढे ती रक्कम उभी करणं किती जणींना जमतं?

हिस्से किती हेही तपासा. दस्तात प्रमाण लिहिलेलं नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं की ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि ते दाखवता आलं नाही तर समसमान. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची फाईल डोळ्यांसमोर आहे. वीजबिलं, मेंटेनन्सच्या पावत्या, घरपट्टी, सगळं तारखेवार लावलेलं. घराचे बरेचसे पैसे त्यांनी दागिने मोडून घातले होते, पण ते रोखीने आधी साथीदाराच्या खात्यात गेले आणि तिथून बिल्डरला. कागदावर पैसे देणारा तो. तो वारल्यावर त्याच्या भावांनी काही वाईट वागणूक दिली नाही, फक्त वकिलामार्फत हिशेब मागितला. बाईंना आपल्याच पैशाने घेतलेल्या घराचा हिस्सा पुन्हा विकत घ्यावा लागला. तुमच्या दस्तात प्रमाण नसेल तर आत्ता, दोघंही सही करायला समर्थ असताना, बँकेचे उतारे काढून ठेवा आणि मृत्युपत्रात हिस्स्याचं प्रमाण नमूद करा.

आता नॉमिनेशन. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ सेक्रेटरींना वाचायला सांगा. सभासद वारला की नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, तेही कायद्याने किंवा मृत्युपत्राने ज्याचा हक्क आहे तो सभासद होईपर्यंतच. सोसायटीला पत्रव्यवहार कुणाशी करायचा, बिल कुणाच्या नावे काढायचं, एवढा प्रश्न नॉमिनेशनने सुटतो. मालकी त्याने ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये आणि कंपनीच्या शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे : नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. म्हणून नॉमिनेशन रद्द करू नका, ते असू द्या. पण त्याच्या भरवशावर राहू नका.

तेव्हा उरतं मृत्युपत्र. माझा अंदाज सांगू? तुमचे साथीदार मृत्युपत्र टाळतात ते आळसाने नव्हे. ‘घर हिच्या नावे केलं तर मुलाला काय वाटेल’ हा विचार त्यांच्या मनात असावा. असे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांची घालमेल खरी असते. त्यांना सांगा की मुलगा की साथीदार अशी निवड करायची गरज नाही. ते आपला हिस्सा तुम्हाला हयातीपुरता राहण्यासाठी देऊ शकतात आणि तुमच्यानंतर तो मुलाला. मजकूर साधारण असा येतो :

‘सदर सदनिकेतील माझा अविभक्त अर्धा हिस्सा माझ्या पश्चात श्रीमती अमुक यांनी त्यांच्या हयातीपर्यंत वापरावा व उपभोगावा. त्यांच्या हयातीत माझ्या कोणत्याही वारसास सदर हिस्स्याचे वाटप, विक्री अथवा ताबा मागता येणार नाही. त्यांच्या पश्चात सदर हिस्सा माझा मुलगा चि. अमुक यास पूर्ण मालकी हक्काने मिळावा.’

एवढं लिहून थांबू नका. हयातीच्या हक्काची भांडणं पुढे होतात ती बारीकसारीक गोष्टींवरून. मेंटेनन्स आणि घरपट्टी कोण भरणार? मोठी दुरुस्ती निघाली तर? तुम्हाला घर भाड्याने देऊन दुसरीकडे राहता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इमारत पुनर्विकासाला गेली तर? संमतीची सही कोण करणार, पर्यायी घराचं भाडं कुणाला, बिल्डर जो कॉर्पस (एकरकमी निधी) देईल तो कुणाचा, नव्या फ्लॅटवर तुमचा राहण्याचा हक्क चालू राहणार की नाही, हे सगळं त्याच मृत्युपत्रात यायला हवं. पुनर्विकासाचं कलम नसलेलं असं मृत्युपत्र मी तरी अपुरं समजते. इमारती म्हाताऱ्या होतात आणि तुमच्या आयुष्यातच हा प्रसंग येण्याचा संभव मोठा आहे.

त्यांना घर पूर्ण मालकीने तुम्हालाच द्यायचं असेल तर तेही करता येतं. स्वकष्टार्जित मिळकत हिंदू माणूस कुणालाही देऊ शकतो, मुलाची संमती लागत नाही. मात्र मुलाला का वगळलं याचं कारण दोन ओळींत लिहावं. ‘मुलाला मी त्याच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी वेळोवेळी मदत केली आहे, तो स्थिरस्थावर आहे’ असं काहीसं, जे खरं असेल ते. न्यायालय संशय घेतं तो अशा ठिकाणी : नैसर्गिक वारस विनाकारण वगळलेले, आणि ज्याला फायदा झाला त्याचाच मृत्युपत्र करण्यात पुढाकार. १९५८ च्या एका निकालापासून सर्वोच्च न्यायालय हीच कसोटी लावत आलं आहे. म्हणून ताई, हे कटाक्षाने पाळा : त्यांच्या मृत्युपत्राचा मसुदा तुम्ही सांगायचा नाही, वकिलाची फी तुमच्या खात्यातून द्यायची नाही, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्या दिवशी तुम्ही सोबत जायचं नाही. त्यांचा एखादा मित्र जाऊ दे. ज्यांचं तुमच्यावर प्रेम आहे त्यांनी एकट्याने, स्वतःच्या डोक्याने हा कागद केला हे दिसणं तुमच्याच हिताचं आहे.

बाकी गरजा थोड्या आहेत. स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्यासारख्या प्रकरणात मी ती करूनच घेते. दोन साक्षीदारांसमोर सही आणि साक्षीदारांच्या सह्या त्यांच्यासमोर, हे मात्र सक्तीचं. साक्षीदार त्यांच्याहून वयाने लहान निवडा, कारण वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात उभं राहून सही आपल्यादेखत झाली हे सांगावं लागतं. त्रेसष्टीच्या माणसाने पंच्याहत्तरीचे दोन मित्र साक्षीला घेतले तर वेळेवर सांगणार कोण? त्याच दिवशीचं ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

आणि तुमचं स्वतःचं मृत्युपत्र? त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. पत्रात मुलांचा उल्लेख नाही, तेव्हा ती नाहीत असं धरते. मग तुमचा हिस्सा आई-वडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा भावंडांकडे जाईल आणि आज तुम्ही ज्या जागी आहात त्या जागी तुमचे साथीदार असतील. दोघांनी दोन वेगळी मृत्युपत्रं करा. एकाच कागदावर दोघांचं संयुक्त मृत्युपत्र करू नका, एकाला पुढे बदल करायचा झाला की गुंता होतो. आणि ‘मला जे द्यायचं ते घेणारी व्यक्ती माझ्याआधी वारली तर’ ही ओळ दोन्हीकडे हवी. दोघं एकाच गाडीने प्रवास करता ना.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा. माझ्या पार्टनरच्या एकटीच्या नावावर फ्लॅट आणि गृहकर्ज आहे, कारण तेव्हा माझा क्रेडिट स्कोअर चांगला नव्हता. दर महिन्याला निम्मा हप्ता मी तिच्या खात्यात पाठवतो. आता माझं नाव घराला लावायचं आहे. सोसायटीत अर्ज दिला की होईल ना? आणि तोवर काही झालं तर हप्त्यांच्या पुराव्यावर माझा हक्क सिद्ध होईल का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर नाही. सोसायटीच्या दप्तरात नाव लागल्याने मालकी येत नाही. मालकी नोंदणीकृत दस्ताने येते.

हप्त्यांच्या बाबतीत तुमचा दावा तुमच्याच अंगाशी येऊ शकतो. ‘घर तिच्या नावावर, पण पैसे माझे, म्हणून मालक मी’ हे वाक्य बेनामी व्यवहाराच्या व्याख्येजवळ जातं. १९८८ च्या त्या कायद्याने, २०१६ च्या दुरुस्तीनंतरही, पती-पत्नी आणि मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या घराला सूट दिली आहे. साथीदाराला दिलेली नाही. बेनामी मालक म्हणून दावा लावायलाच तो कायदा मनाई करतो. म्हणून तुम्ही दिलेले पैसे काय म्हणून दिले, हे तुम्ही दोघांनी आज लिहून ठेवा. घरखर्चातला वाटा असेल तर तसं, तिला दिलेली उसनवार असेल तर तसा कर्जाचा साधा करार, परतफेडीच्या अटींसह. उसनवारीची रक्कम तिच्या वारसांकडून, तिच्या मिळकतीतून वसूल करता येते. घर मिळत नाही, पण पैसे बुडत नाहीत. यापुढचे हप्ते पाठवताना व्यवहाराच्या शेऱ्यातही तेच लिहा.

हिस्साच हवा असेल तर तिने तुम्हाला निम्मा हिस्सा विकावा किंवा बक्षीस द्यावा. यात खर्च बघा. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. तुम्ही त्या नात्यांत बसत नाही, त्यामुळे पूर्ण शुल्क. शिवाय नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून बक्षीस मिळालेल्या स्थावराचं मुद्रांक मूल्य ५०,००० रुपयांहून जास्त असलं तर ती रक्कम तुमचं उत्पन्न धरून प्राप्तिकर लागतो. त्यामुळे बक्षिसापेक्षा योग्य मोबदल्याचं खरेदीखत बरं. कर्ज चालू असल्याने बँकेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. बँक तुम्हाला सहकर्जदार करायला तयार असेल तर त्याच वेळी हे उरकून घ्या.

तोवर तिने मृत्युपत्र करावं. मृत्युपत्राने मिळालेल्या घरावर प्राप्तिकर नाही, मुद्रांक शुल्कही नाही. दोघांनीही उरलेल्या कर्जाएवढा टर्म विमा घ्या. पण विम्यातही तुमचं नाव नॉमिनी म्हणून घालून भागत नाही. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीलाच रक्कम मालकीने मिळते ती तो आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं असेल तर. साथीदार त्यात नाही. विम्याच्या रकमेचा उल्लेखही मृत्युपत्रात करा.

प्रश्न : नवऱ्यापासून वेगळी होऊन मला पंधरा वर्षं झाली. घटस्फोट घेतला नाही, कोर्टाच्या फेऱ्या नको वाटल्या. स्वतःच्या पगारातून घर घेतलं, एकटीच्या नावावर. आता माझ्यासोबत जे राहतात त्यांना हे घर मिळावं. नवऱ्याचा काही संबंध उरलेला नाही, तेव्हा अडचण नसावी.

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने संबंध पूर्ण उरलेला आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमचे पहिले वारस मुलं आणि पती. तो हयात नसेल आणि मुलंही नसतील, तर दुसऱ्या क्रमांकावर पतीचे वारस येतात, म्हणजे दीर-नणंदासुद्धा तुमच्या आईच्या आधी! हा क्रम मला फार अन्यायाचा वाटतो. बाईने स्वतः कमावलेल्या घराबाबत तरी तो बदलावा असं मी या सदरात पूर्वीही लिहिलं आहे. बदलेपर्यंत उपाय तुमच्या हातात आहे : या महिन्यातच मृत्युपत्र करा. एक सांभाळा, सोबत राहणाऱ्यांचा उल्लेख ‘माझे पती’ असा करू नका. चांगल्या भावनेने लिहिलेला तो शब्द खोटा ठरवून वारस सगळ्या कागदावर शंका घेतील. पूर्ण नाव, वय, पत्ता, पॅन आणि ‘माझ्यासोबत अमुक सालापासून राहणारे’ एवढं पुरे. आणि शक्य असेल तर घटस्फोटही उरकून टाका.

प्रश्न : आम्ही दोघी एकत्र राहतो. लग्नाचा पर्याय आमच्यासाठी नाहीच. घर दोघींच्या नावावर आहे. माझी साथीदार ख्रिश्चन आहे, मी हिंदू. एका परिचिताने सुचवलं की एकमेकींच्या नावे जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवा, ते पुरेल. आणि मृत्युपत्र केलंच तर मूळ प्रत कुठे ठेवायची?

उत्तर : कुलमुखत्यारपत्र, म्हणजेच जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी, देणारी व्यक्ती गेली की ते त्याच क्षणी संपतं. आजारपणात सह्या करायला ते उपयोगी आहे, वारशासाठी शून्य. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिल्यानंतर तुमच्यासारख्या जोडप्यांसाठी मृत्युपत्र हाच सगळ्यात भक्कम आधार आहे, तेव्हा दोघींनी ते नीट करा.

तुमच्या साथीदाराला १९२५ चा भारतीय वारसा कायदा पूर्ण लागू होतो. त्यात एक कडक कलम आहे : ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकतं पण त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणजे तिच्या मृत्युपत्रावर तुम्ही प्रेमाने साक्षीची सही केलीत तर तिचा हिस्सा तुमच्या हातून गेला. हिंदूंना हे कलम लागू नाही, तरी तुमच्या मृत्युपत्रावरही तिची सही नको. (मुस्लिम वाचकांसाठी : वारस नसलेल्या व्यक्तीला एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर तुमच्या पश्चात वारसांची संमती लागते. अशा वेळी हयातीतच दस्त करण्याचा विचार आधी करा.)

मूळ प्रत एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीकडे ठेवा. एक्झिक्युटर म्हणून तुम्हा दोघींखेरीज तिसरी विश्वासाची व्यक्ती नेमा, तिला आधी विचारून. मृत्युपत्र नोंदवलेलं असेल तर हयातीत त्याची प्रमाणित नक्कल फक्त करणारीला किंवा तिच्या प्रतिनिधीला मिळते. मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला दाखवून इतरांना काढता येते. त्यामुळे दस्ताचा क्रमांक, वर्ष आणि कार्यालय एवढं प्रत्येकीने दुसरीच्या मृत्युपत्रासाठी आपल्या वहीत लिहून ठेवलं तरी मूळ प्रत हरवल्याने अडत नाही. बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ते ठेवू नका. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर असला तर तो उघडायला ज्या कागदाची गरज पडेल, तो कागद आतच असेल.